फॅमिली थेरपीचं इन्शुरन्स ऑथरायझेशन: थेरपीला पाच स्टार, इन्शुरन्सला दोन

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. थेरपिस्ट पाचपैकी पाच. नवऱ्याच्या कंपनीतला बेनिफिट्सवाला माणूस चार. इन्शुरन्स कंपनीचं ऑथरायझेशन (म्हणजे उपचाराला आधी मंजुरी देणारं) डिपार्टमेंट दोन, आणि त्या दोनातला एक स्टार तिथल्या एका बाईचा आहे जिच्यामुळे शेवटी काम झालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच लोकांशी बोलले, कार्डावर लोगो कुठलाही असू दे, रडगाणं तेच आहे, त्यामुळे नावाने तुम्हाला काही फायदा नाही.

थोडं बॅकग्राउंड. लेक तेरा वर्षांचा, त्याला ओसीडी आहे, म्हणजे मनात तीच ती भीती येते आणि ती घालवायला तेच ते पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं. ओसीडी म्हटलं की सगळ्यांना हात धुणं आठवतं, आमच्याकडे हात धुणं कमी आणि विचारणं जास्त. स्टोव्ह बंद आहे ना, नक्की ना, तू स्वतः बघितलंस की बाबाने सांगितलं, आणि उत्तर पण त्याच्या ठरलेल्या शब्दांत द्यायचं, एक शब्द इकडेतिकडे झाला की परत पहिल्यापासून. आणि आम्ही सगळे देत होतो उत्तरं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या तर बिचाऱ्या रात्री उठून स्टोव्हच्या बटणांचा फोटो काढून त्याला नेऊन दाखवायच्या, नातवाला झोप लागावी म्हणून. ह्याला ह्या क्षेत्रातले लोक फॅमिली अकोमोडेशन म्हणतात. मुलाच्या भीतीला सगळं घर सांभाळून घेतं, त्याने तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटतं आणि ओसीडी मात्र आणखी घट्ट होतो. हे सासूबाईंना सांगायचं कोणी यावरून घरात जे रामायण झालं ते इथे नको.

ओसीडीची नेहमीची थेरपी म्हणजे ईआरपी, मुलाने स्वतः थोडं थोडं करून भीतीला सामोरं जायचं आणि तो खात्री करून घ्यायचा प्रकार करायचा नाही. उत्तम आहे, सगळे आधी तीच सुचवतात. पण त्यासाठी मुलगा खोलीत जाऊन बसला पाहिजे ना. आमचा क्लिनिकच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीतून उतरायचाच नाही. म्हणून आम्ही स्पेस नावाच्या थेरपीकडे वळलो. येलच्या चाइल्ड स्टडी सेंटरमध्ये एली लेबोविट्झ यांनी ती तयार केली आहे. ह्यात मुलगा येतच नाही. फक्त आईबाप येतात, आणि आईबापांनी मुलाला काय बोलायचं, रोजच्या कुठल्या गोष्टी करणं थांबवायचं, ते मुलाला आधी कसं सांगायचं, तो चिडला तर काय, हे दर आठवड्याला बसवलं जातं.

आणि इथेच इन्शुरन्सचं गणित अडतं. त्यांना पेशंट एक लागतो, त्याचा आजार एक लागतो आणि तो पेशंट समोर खुर्चीत बसलेला लागतो. फॅमिली थेरपीत आजार एकाच्या नावावर आणि काम सगळ्या घरावर. माझा पहिला कॉल साधारण असा झाला:

"मॅम, थेरपी तुमच्यासाठी हवी आहे का?"
"नाही, मुलासाठी."
"ओके, मग मुलगा सेशनला असेल."
"नाही, आम्ही दोघं असू."
"मग पेशंट तुम्ही."
"नाही, पेशंट मुलगा."
"पण तो येणार नाही."
"नाही."
"मॅम, मी तुम्हाला होल्डवर ठेवू का?"

होल्डवरचं ते पियानोचं म्युझिक मला आता झोपेत पण ओळखता येईल. परत आल्यावर त्याने मला मॅरेज कौन्सेलिंगचा नंबर दिला. खरंच.

आता जी गोष्ट मला कोणीतरी आधी सांगायला हवी होती ती सांगते. ह्या सगळ्या भानगडीत तुमची कहाणी कोणी ऐकत नाही, कोड बघतात. दोन प्रकारचे कोड आहेत. एक आजाराचा, एक सेशनचा. आजाराचा कोड एफ ने सुरू होणारा पाहिजे, आमच्या केसमध्ये एफ ४२.२. झेड ने सुरू होणारे पण कोड असतात, नवराबायकोतले प्रॉब्लेम, आईबाप आणि मुलामधले प्रॉब्लेम वगैरे, झेड ६२, झेड ६३ च्या आसपास. हे झेड कोड एकटे टाकले की बहुतेक प्लॅन पैसे देत नाहीत, कारण त्यांच्या हिशोबाने तो आजारच नाही. घरात सगळ्यांचं एकमेकांशी वाजलेलं आहे एवढ्यावर काही मिळत नाही, कोणातरी एकाला निदान लागतं. ऐकायला वाईट वाटतं पण असंच आहे. (आणि म्हणून निदान उगाच चिकटवून घ्यायचं नाही, ते मुलाच्या रेकॉर्डमध्ये राहतं. आमच्या थेरपिस्टने पूर्ण इव्हॅल्युएशन केल्याशिवाय एक कागद पुढे सरकवला नाही.)

दुसरा सेशनचा कोड. ९०८४७ म्हणजे पेशंट हजर असताना फॅमिली थेरपी. ९०८४६ म्हणजे पेशंट हजर नसताना. दोन्ही ५० मिनिटांचे, आणि २६ मिनिटांपेक्षा कमी झालं तर लावताच येत नाहीत. म्हणजे मुलगा नसतानाच्या सेशनसाठी अख्खा वेगळा कोड कित्येक वर्षं अस्तित्वात आहे, त्यांच्या रोजच्या कामातला आहे, आणि तरी फोनवरचा माणूस मला विचारतो की पेशंट नसताना थेरपी कशी होईल. त्यामुळे आता मी फोनवर "फॅमिली थेरपी" म्हणतच नाही, सरळ म्हणते ९०८४६ आउटपेशंट (अ‍ॅडमिट न होता), आउट ऑफ नेटवर्क (कंपनीशी करार नसलेली थेरपिस्ट), प्रायर ऑथरायझेशन लागतं का आणि ते कोणाकडे. लगेच समोरच्याचा आवाज बदलतो.

"कोणाकडे" हा पण प्रश्नच आहे बरं का. खूप प्लॅनमध्ये मेंटल हेल्थचं काम दुसऱ्याच कंपनीला दिलेलं असतं, कार्डाच्या मागे बारीक अक्षरात वेगळा नंबर असतो. कार्डाच्या पुढच्या बाजूच्या नंबरवर फोन केला तर ते गोड बोलून चुकीची माहिती देतात, मुद्दाम नाही, त्यांना खरंच दिसत नाही.

नेटवर्कबद्दल. नेटवर्कमधल्या साध्या आउटपेशंट थेरपीला पुष्कळ प्लॅनमध्ये आधी परवानगी लागत नाही, खरी लढाई नेटवर्कबाहेर जायचं असेल तेव्हा. त्यांनी मला नेटवर्कमधल्या थेरपिस्टची लांबलचक लिस्ट पाठवली, त्यात एक फोन नंबर कोणाच्या तरी डेंटिस्टचा निघाला, एक बाई रिटायर झालेली, एक फक्त मोठ्यांना बघतो, एकाची वेटिंग लिस्ट पण बंद. ह्याला इकडे घोस्ट नेटवर्क म्हणतात आणि हे काही माझंच नशीब नाही. २०२३ मध्ये सिनेटच्या फायनान्स कमिटीच्या लोकांनी १२ मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या डिरेक्टरीतल्या १२० मेंटल हेल्थ नंबरांवर स्वतः फोन करून बघितले तर फक्त १८ टक्के वेळा अपॉइंटमेंट मिळू शकली. ते सीनियर लोकांचे प्लॅन होते, आमचा नाही, पण वाचून जरा बरं वाटलं की आपण वेडे नाही. तर ती लिस्ट फेकू नका. आम्ही त्याच लिस्टवर प्रत्येक नावापुढे तारीख, कोणाशी बोललो आणि काय उत्तर मिळालं हे लिहिलं आणि तीच फाइल अर्जाला जोडली. ह्याच्यासारखा पुरावा नाही, कारण लिस्ट त्यांचीच.

अर्ज दोन गोष्टींचा करायचा असतो आणि लोक त्यात गल्लत करतात. एक असतं नेटवर्क गॅप एक्सेप्शन, म्हणजे "तुमच्या नेटवर्कमध्ये हे करणारं कोणी नाही म्हणून बाहेरच्याला आतल्यासारखं धरा." हे मिळालं की तुमचा कोपे (दर भेटीला तुम्ही भरायची ठरलेली रक्कम), डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम) आतल्या दराने. पण बाहेरचा थेरपिस्ट २४० डॉलर लावत असेल आणि कंपनी म्हणाली आम्ही १३० च मानतो, तर वरचा फरक तो तुमच्याकडून मागू शकतो. म्हणून दुसरी गोष्ट, सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट. ह्यात कंपनी आणि थेरपिस्ट त्या एका पेशंटपुरता दर ठरवून सही करतात आणि तुम्ही फक्त कोपे देता. थेरपिस्टला त्यासाठी कागदपत्रं करावी लागतात, सगळे तयार होत नाहीत. आमची तयार झाली म्हणून तर पाच स्टार. पहिल्या भेटीतच विचारून घ्या की सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट कधी केलंय का, नाही म्हणाली तर निदान सुपरबिल (कोड वगैरे सगळं लिहिलेलं सविस्तर बिल) देणार का, त्याच्यावर तुम्ही स्वतः क्लेम टाकू शकता. आणि स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर खर्चाचा लेखी अंदाज मागायचा हक्क आहे तुम्हाला, २०२२ पासून.

आमचा पहिला अर्ज नाकारला. कारण, नेटवर्कमध्ये ईआरपी करणारे उपलब्ध आहेत आणि ईआरपीच ह्या आजारावरची मान्य थेरपी आहे. पत्र इतकं थंड होतं की नवरा म्हणाला सोडून दे, भरू आपण. मला सोडवेना, कारण त्या पत्राच्या मागच्या पानावर तुमचे सगळे हक्क छापलेले असतात आणि ते पान कोणी वाचत नाही. नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक प्लॅनमध्ये नकार आल्यापासून १८० दिवस अपील करता येतं. अजून न झालेल्या सेशनसाठीचं अपील असेल तर त्यांना ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, खरंच तातडीचं असेल तर ७२ तासांत. अपील मेडिकल कारणावर असेल तर पहिल्या वेळी ज्या डॉक्टरचा सल्ला घेतला त्याच्याशिवाय दुसऱ्या, त्या विषयातल्या माणसाचा सल्ला घ्यावा लागतो. आणि तुमच्या केसची पूर्ण फाइल, ज्या निकषावर नाकारलं तो निकष सकट, फुकट मागता येते. मी मागितली. फाइलमध्ये काय निघालं माहितीये? पहिल्या कॉलवरची नोंद: "आईला स्वतःसाठी कौन्सेलिंग हवे आहे." म्हणजे तो पियानोवाला. अख्खा अर्ज त्या एका ओळीवर तिरका झाला होता.

बेनिफिट्सवाल्या माणसाला चार स्टार का ते इथे येतं. त्याला मी विचारलं की आपला प्लॅन सेल्फ फंडेड आहे का, म्हणजे पैसे कंपनी स्वतःच्या खिशातून भरते आणि इन्शुरन्सवाले फक्त कारभार बघतात का. तो म्हणाला हो. हे का महत्त्वाचं, तर सेल्फ फंडेड असेल तर राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटकडे जाऊन उपयोग नाही, त्याला फेडरल कायदा लागू होतो आणि तक्रार लेबर डिपार्टमेंटकडे जाते. आणि दुसरं म्हणजे पैसे कंपनीचेच असल्यामुळे एचआर ने एक ईमेल टाकली तर कारभार बघणारे जरा हलतात. त्याने टाकली. एक स्टार कापला कारण त्याने मला आधी विचारलं की "पण मुलगा शाळेत जातोय ना?" जातोय बाबा.

पॅरिटी (म्हणजे समान वागणूक) कायद्याचं पण सांगते, कारण लोक ते नाव फोनवर नुसतं फेकतात आणि समोरचा ढिम्म. २००८ चा कायदा आहे. तो असं म्हणत नाही की प्लॅनने मेंटल हेल्थ कव्हर केलंच पाहिजे. तो म्हणतो की करत असाल तर शरीराच्या आजारांपेक्षा जास्त कडक अटी लावायच्या नाहीत, आणि त्यात ऑथरायझेशनच्या अटी पण येतात. म्हणून "पॅरिटी, पॅरिटी" ओरडण्यापेक्षा लेखी विचारायचं: नेटवर्कबाहेरच्या फिजिकल थेरपीला किंवा एखाद्या स्पेशालिस्टला गॅप एक्सेप्शन देताना तुम्ही काय निकष लावता, आणि मेंटल हेल्थला काय लावता, दोन्हीची तुलना पाठवा. २०२१ च्या कायद्याने प्लॅनला अशी तुलना लिहून तयार ठेवावी लागते. आम्हाला ती कधीच आली नाही, पण हे पत्र गेल्यावर दोनच दिवसात त्या बाईचा फोन आला, जिचा तो एक स्टार.

ती केस मॅनेजर होती. तिने सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं, मध्ये एकदाही होल्डवर टाकलं नाही आणि म्हणाली की तुमच्या थेरपिस्टला आमच्या डॉक्टरशी थेट बोलू द्या, ह्याला पीअर टू पीअर म्हणतात, मी वेळ लावून देते. तो कॉल थेरपिस्टने आम्हाला नंतर सांगितला. तिने सायन्स पुढे केलं, २०२० चा येलचा अभ्यास, ७ ते १४ वयाची १२४ मुलं, अर्ध्यांच्या आईबापांना स्पेस आणि अर्ध्या मुलांना स्वतःला सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची नेहमीची थेरपी), आणि दोन्हीचा परिणाम सारखाच. तर पलीकडचा डॉक्टर म्हणाला, हो वाचलाय मी, पण ती मुलं अँग्झायटीची होती, ओसीडीची नाही. बरोबर होता तो! मी इतकी चिडलेले असूनही मान्य करते की त्या माणसाने गृहपाठ केला होता. मग थेरपिस्ट म्हणाली ठीक आहे, अभ्यास बाजूला ठेवा, हा मुलगा बघा. ईआरपीला दोन ठिकाणी नेला, खोलीत आला नाही, दोन्हीकडची लेखी नोंद आहे. सीवायबॉक्सवर, म्हणजे मुलांच्या ओसीडीचं ४० पर्यंतचं मोजमाप, त्याला २६, म्हणजे सिव्हिअर. आणि घरातले किती सांभाळून घेतायत त्याच्या स्केलवर आईबाप जवळजवळ टोकाला. ज्या थेरपीला तो येत नाही ती नेटवर्कमध्ये उपलब्ध आहे ह्याला काय अर्थ? आईबापांपासून सुरू करू, तो तयार झाला की तुमच्याच नेटवर्कमधल्या ईआरपीवाल्याकडे पाठवते. हे शेवटचं वाक्य त्याला पटलं असणार. इन्शुरन्सवाल्याला शेवट दिसला की तो मऊ होतो, "किती दिवस चालेल सांगता येत नाही" ऐकलं की दार बंद.

मंजूर झालं. बारा सेशन मागितली होती, स्पेसचं नेहमीचं पॅकेज साधारण तेवढंच असतं, सहा दिली. चला, तेही ठीक. मग पत्र आलं आणि त्यावर कोड ९०८४७. पेशंट हजर असतानाचा. इतकं सगळं होऊन! पत्र नुसतं "अप्रूव्ह्ड" वाचून फ्रिजवर लावलं असतं तर सगळे क्लेम परत आले असते, कारण आमची सेशन सगळी ९०८४६. म्हणून पत्र आलं की पाच गोष्टी बोट ठेवून बघा: सेशनचा कोड, किती युनिट (म्हणजे सेशन), कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, थेरपिस्टचा एनपीआय नंबर (तिचा सरकारी ओळख क्रमांक) आणि टॅक्स आयडी. एक अंक इकडेतिकडे असेल तर थेरपी सुरू व्हायच्या आधी दुरुस्त करून नवीन पत्र मागा, फोनवरचं "इट्स फाइन मॅम" काही कामाचं नाही. आणि तळाला एक ओळ असतेच, की हे ऑथरायझेशन म्हणजे पैसे देण्याची हमी नाही. म्हणजे कार्यालय बुक झाल्याची पावती, पंगतीचं नंतर बघू.

अजून एक, प्रायव्हसीचं. त्यांनी मध्येच सेशनच्या नोट्स मागितल्या. थेरपिस्टने दिल्या नाहीत. थेरपिस्ट स्वतःसाठी वेगळ्या ठेवते त्या सायकोथेरपी नोट्सना हिपा कायद्यात, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यात, वेगळं संरक्षण आहे, त्या दिल्या तरच पैसे देऊ असं इन्शुरन्स म्हणू शकत नाही. तिने निदान, ध्येय, स्कोअर आणि प्रगती असा एक पानी सारांश दिला आणि तेवढ्यावर भागलं. आमच्या नवराबायकोच्या भांडणांची वर्णनं कुठल्यातरी क्युबिकलमध्ये वाचली जाणार नाहीत हे कळल्यावर नवरा सेशनमध्ये पहिल्यांदा मोकळा बोलला.

व्हिडिओवर थेरपी घेणार असाल तर थेरपिस्टचं लायसन्स तुम्ही ज्या राज्यात बसलेले असता त्या राज्यात चाललं पाहिजे. सायकॉलॉजिस्ट असेल तर सायपॅक्ट नावाचा राज्यांमधला करार आहे, त्यात तुमचं राज्य आहे का बघा. आमची थेरपिस्ट अशीच दुसऱ्या राज्यातली. ट्रिपला गेलात आणि तिथून लॉगिन केलंत तरी हा नियम आहे, आम्ही त्यापायी एक सेशन पुढे ढकललं.

अपील पण फेटाळलं तर पुढे एक्स्टर्नल रिव्ह्यू आहे, बाहेरची तटस्थ संस्था बघते, शेवटच्या नकारानंतर चार महिन्यांच्या आत मागायचा, मेडिकल कारणावरचा नकार असेल तर, आणि तिचा निकाल कंपनीला मानावा लागतो. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही म्हणून त्याचा अनुभव नाही.

पैशाचं म्हणाल तर २४० ऐवजी आता ३० डॉलर कोपे. थेरपीबद्दल फार लिहीत नाही, मुलाची गोष्ट आहे, पण स्टोव्हचं विचारणं खूप कमी झालंय. आम्ही आता "मला माहितीये तुला भीती वाटतेय आणि मला खात्री आहे तू निभावशील" एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो, पहिले काही दिवस भयंकर गेले, दारं आपटली गेली, पण गेले. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर तो विचारतो अजून, त्या आता म्हणतात "आईला विचार" आणि फोन सासऱ्यांकडे देतात.

उरलेल्या सहासाठी रीऑथरायझेशनचा अर्ज टाकलाय. सहावं सेशन होईपर्यंत थांबू नका, चौथ्याच्या आसपास टाका, मध्ये खंड पडला की नवीन केस धरतात आणि सगळे कागद पुन्हा. फॅक्स केलात तर कन्फर्मेशनचं पान जपा, पोर्टलवर अपलोड केलंत तर स्क्रीनशॉट. आणि कॉलचा रेफरन्स नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, ते स्वतःहून कधीच देत नाहीत.